दीडपटीची हमी

गाडीच्या उजव्या बाजूला एकतीस भोकं होती, डाव्या बाजूला चार. डावीकडची चार आतून बाहेर पडलेली. त्यांच्या कडा बाहेर वळल्या होत्या. उजवीकडच्या एकतीसपैकी अकरा भोकं मागच्या जाळीच्या खिडकीभोवती, वीतभर जागेत. टायर दोन बसलेले, दोन शाबूत. आत बाकाखाली एक बूट. बेड्यांचे तीन जोड, तिन्ही बंद. रक्त फरशीच्या उतारावरून दाराशी आलं होतं आणि तिथे रबरी पट्टीला अडून साचलं होतं. ड्रायव्हरच्या दारावर शून्य.

हे शून्य तिने दोनदा मोजलं.

यार्डात सगळे तिला गणितबाई म्हणत. ती कैद्यांच्या गाड्यांचे मार्ग काढायची. शहरात पोलीस कोठड्या सव्वीस, गाड्या तीन, आणि रोज त्यांतल्या कैद्यांना वेळेत कोर्टात पोचवायचं. एका गाडीत जास्तीत जास्त बारा कैदी. त्यातले काही असे, की शेजारी बसवले तर कोर्टापर्यंत एकच पोचला असता. त्यांना वेगळ्या गाड्या. सर्वांत छोटा मार्ग शोधायचा तर सगळे क्रम तपासावे लागले असते, आणि ते तपासून होईपर्यंत कैद्यांची शिक्षा भोगून झाली असती. म्हणून ती सर्वोत्तम मार्ग शोधतच नव्हती. आधी सगळ्या कोठड्या कमीत कमी लांबीने जोडणारं एक झाड काढायचं. ज्या कोठड्यांपाशी विषम फांद्या येतात त्यांच्या जोड्या लावायच्या. मग त्या सगळ्या रेषांवरून एक फेरी मारायची, आणि एकदा घेतलेली कोठडी पुन्हा आली की ती गाळून सरळ पुढची गाठायची. अशी फेरी सर्वांत छोटी नसते, पण सर्वांत छोटीच्या दीडपटीपेक्षा लांबही कधी नसते. हे सिद्ध करता येतं. फेरी तोडून तीन गाड्यांत वाटताना ही हमी जरा सैल होते, पण ते साहेबांना सांगण्यात अर्थ नव्हता.

"दीडपट म्हणजे नेमकं काय गं?" मामाने पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. मामा तिच्या आईचा सख्खा भाऊ, तिन्हींतल्या मोठ्या गाडीचा ड्रायव्हर. ती त्याच्याच घरी राहायची आणि मामा म्हणायची, म्हणून अख्खं यार्ड त्याला मामा म्हणायला लागलं होतं.

तिने समजावून सांगितल्यावर तो म्हणाला, "हात्तिच्या! हे तर मी लग्न झाल्यापासून करतोय. तुझ्या मामीला अर्ध्या तासात येतो म्हणायचं आणि पाऊण तासात यायचं. तिची कधी तक्रार नाही."

"तक्रार नाही कशी? मी बोलत नाही, एवढंच," मामी आतून म्हणाली होती.

साहेबांची अट वेगळी होती. वाहतूक विभागाच्या त्या मुख्याला लांबीशी फारसं देणंघेणं नव्हतं. "रोज वेगळा मार्ग हवा. बाहेरच्याला अंदाज येता कामा नये." मग तिने असं बसवलं की रोज अनेक मार्ग निघतील, सापडलेल्या सर्वांत छोट्यापेक्षा जे दहाव्या हिश्श्याहून जास्त लांब ते बाद, उरलेल्यांतून एक चिठ्ठी टाकून. मार्गाचा कागद बंद पाकिटात ड्रायव्हरच्या हाती पडायचा तो गाडी फाटकाबाहेर पडताना. ती आल्यापासून एकही क्रम पुन्हा आलेला नव्हता.

त्या सकाळी मामाच्या गाडीत एक साक्षीदार होता. एका टोळीच्या म्होरक्याविरुद्ध त्याची साक्ष त्याच दिवशी होती. आणखी दोन कैदी, दोन शिपाई. त्यातला एक शिपाई बंदोबस्ताचा प्रमुख पहिलवान याचा सख्खा धाकटा भाऊ. त्याला सगळे धाकटाच म्हणत. निघताना तो रोजच्यासारखा ओरडला होता, "गणितबाई, आज कुठल्या रस्त्याने मरायचं?" आणि तिने रोजच्यासारखं म्हटलं होतं, "पाकीट उघडा, कळेल."

भंगार गल्लीत पुढे एक हातगाडी आडवी आली. वरून गोळीबार झाला. पाच जण मेले. मामाने हातगाडी उडवली आणि दोन बसलेल्या टायरांवर, रिमने ठिणग्या पाडत, गाडी यार्डात आणली. तो खाली उतरला तेव्हा त्याच्या मानेत काचा होत्या, दुसरी काही जखम नव्हती.

पहिलवानाने धाकट्याला उचलून बाहेर काढलं. खालचा जबडा राहिला नव्हता. पहिलवानाने आपला शर्ट काढला आणि त्याच्या तोंडाभोवती गुंडाळला, दातदुखीला बांधतात तसा. मग तो गाडीभोवती फिरला. ड्रायव्हरच्या दारापाशी थांबला. तळहात दारावर ठेवून वरपासून खालपर्यंत फिरवला.

"मामा," तो म्हणाला, "तुमच्या दाराला एक ओरखडा नाही."

"नाही," मामा म्हणाला.

"फाटकातून निघाल्यावर तुम्ही फोन केलात. शेवटच्या बाकावरून धाकट्याने मला तेव्हाच मेसेज केला होता, मामाचं रोजचं प्रेमप्रकरण सुरू. कोणाला केलात?"

"मामीला. म्हणजे, माझ्या बायकोला."

"काय सांगितलंत?"

"निघालो म्हणून."

"रोज सांगता?"

"रोज. नाही सांगितलं तर तिला घास उतरत नाही."

"बायको आहे की वाहतूक नियंत्रण कक्ष?" पहिलवान म्हणाला. मागे कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. पहिलवानाने मामाची कॉलर धरली. "चल. तुला नीट विचारतो."

भोकं मोजून ती त्या सकाळचा मार्ग पाहायला वर आपल्या खोलीत गेली होती. तुम्हीचं तू झालं, ते तिने तिथल्या खिडकीतून ऐकलं.

ती खाली पोचली तोवर त्यांनी मामाला गाड्या धुवायच्या शेडमध्ये नेलं होतं. तिथे दुरुस्तीचं टेबल होतं आणि टेबलाच्या कडेला लोखंडी शेगडा बसवलेला होता. त्याच्या दोन जबड्यांत वस्तू धरून दांडा फिरवला की ती हलत नाही. मामाच्या डाव्या हाताची करंगळी शेगड्यात होती. दोन शिपाई त्याचे खांदे धरून उभे होते. पहिलवान बनियनवर होता आणि बनियन त्याचं नव्हतं असं वाटावं इतकं लाल होतं.

"कोणाला खबर दिलीस?"

"देवाशपथ, कोणालाही नाही रे—"

पहिलवानाने दांडा अर्धा फिरवला. हाड मोडल्याचा आवाज लहान होता. मामाची किंकाळी पत्र्याला आपटून परत आली.

"थांबवा!" ती मध्ये घुसली. एका शिपायाने तिला छातीवर हात लावून मागे ढकललं. ती ओल्या फरशीवर पडली.

"गणितबाई, वर जा," पहिलवान तिच्याकडे न बघता म्हणाला. "तुझ्या नात्याचा आहे म्हणून सांगतोय. बघवणार नाही."

"दाराला गोळी का लागली नाही हे तुला माहीत नाही. मलाही नाही. मी जाऊन बघते. मी येईपर्यंत थांब."

"तू ये की. घाई नाही." पहिलवानाने दांडा उलटा फिरवून करंगळी सोडवली आणि तिथे पुढचं बोट बसवलं. "याच्याकडे अजून नऊ आहेत."

जिन्यात साहेब उभे होते. तिने त्यांचा हात धरला. "साहेब, तुम्ही सांगितलंत तर थांबेल तो."

"चौकशी चालू आहे," साहेब म्हणाले आणि हात सोडवून घेतला. "त्याचा भाऊ गेलाय. मी आत्ता मध्ये पडलो तर माझी बोटं मोजेल."

भंगार गल्ली यार्डापासून लांब नव्हती. ती कोणाची तरी स्कूटर घेऊन गेली. गल्लीच्या तोंडाशी दोरी बांधली होती, दोरीमागचा शिपाई ओळखीचा होता. "दोन मिनिटं," तो म्हणाला. "कशाला हात लावू नको."

रस्त्यावर लाकडाचा भुसा टाकला होता, तो जागोजागी गडद झालेला. हातगाडीचे तुकडे भिंतीपर्यंत उडाले होते. उजव्या हाताला बंद पडलेलं भंगाराचं दुकान, वर माळा, माळ्याला खिडकी. तिने ती खिडकी आणि गाडी थांबली ती जागा यांच्यामध्ये मनात एक रेषा ओढली. रेषेत रस्त्याच्या कडेचा विजेचा पेटारा येत होता: जाड पत्र्याचा, माणसाच्या उंचीचा. तिने त्याला वळसा घातला. माळ्याकडच्या बाजूला नऊ भोकं. दुसऱ्या बाजूला एकही नाही. ड्रायव्हरच्या दारासाठी झाडलेल्या नऊ गोळ्या पेटाऱ्यात अडकल्या होत्या. हातगाडी हातभर पुढे लावली असती, तर मामा यार्डात आलाच नसता.

एवढं पुरलं असतं. पण ती माळ्यावर चढली.

वर दोन सतरंज्या, रिकामी काडतुसं, लघवीने भरलेल्या बाटल्या. कोपऱ्यात खाण्याच्या पुठ्ठ्याच्या डब्यांची चळत, बसल्या जागेवरून भिरकावलेली. तिने काडीने वरचे डबे बाजूला केले. वरच्यात उरलेलं अन्न ताजं होतं. मधल्यांवर पांढरी लव आली होती. त्याखाली हिरवी बुरशी. तळाच्या डब्यांत बुरशी काळी होऊन वाळली होती आणि पुठ्ठा तिच्यासकट जमिनीला चिकटला होता.

हे लोक इथे रोज येऊन बसत होते. ज्याला खबर मिळते तो असा बसत नाही. तो त्या दिवशी येतो. यांना खबर नव्हती. यांना फक्त खात्री होती की गाडी कधी ना कधी इथून जाणार.

कशावरून?

ती खिडकीपाशी गेली. गल्ली पुढे सरळ जुन्या पुलाला लागत होती, त्या पुलावर जायला दुसरी वाट नव्हती. पुलाखाली कालवा. कालव्यापलीकडे नऊ कोठड्या, साक्षीदाराची त्यांतलीच; अलीकडे सतरा, यार्ड आणि कोर्ट. कालवा ओलांडायला दोनच पूल. नवा पूल इतक्या लांब वळशाचा, की त्यावरून गेलं तर फेरी दहाव्या हिश्श्याहून जास्त लांबते. आणि तसे सगळे मार्ग ती स्वतः रोज बाद करत होती.

तिच्या तक्त्यात कोठडी ते कोठडी अंतरं होती. फक्त अंतरं. ते अंतर कुठल्या रस्त्याने जातं, हे तक्त्यात नव्हतंच. तिने रोज नवा क्रम दिला होता. कधी ही गाडी पलीकडे जायची, कधी ती, कधी आधी, कधी शेवटी. कागदावर कुठलेही दोन दिवस सारखे नव्हते. कागदावर गल्लीही नव्हती.

ती दोरीखालून वाकून बाहेर पडली तेव्हा शिपायाने विचारलं, "सापडलं काही?" तिने मान हलवली, ती हो होती की नाही ते त्याला कळलं नसावं.

परत आल्यावर ती आधी शेडकडे गेली नाही. नुसतं येऊन सांगितलं तर पहिलवान म्हणणार, भाची आहे, बोलणारच. आकडा हवा होता. ती वर गेली, तक्त्यात कालवा ओलांडणारं प्रत्येक अंतर कुठल्या पुलावरून जातं ते भरलं, प्रोग्रॅममध्ये चार ओळी घातल्या: त्या सकाळचीच यादी घ्यायची, तीच रीत, तीच दहाव्या हिश्श्याची मर्यादा, चारशे मार्ग काढायचे आणि साक्षीदाराला आणणारी गाडी प्रत्येक मार्गात भंगार गल्लीतून जाते का ते मोजायचं. यंत्र जुनं होतं. एकेका मार्गाला एक-दीड सेकंद. तिने सुरू केलं आणि पडद्यावर आकडा हळूहळू चढायला लागला.

एकसष्टवर असताना खालून आवाज आला. या वेळी किंकाळी नव्हती. ओकारी यावी तसा, खोल, थांबत थांबत येणारा. ती आकडा पुरा व्हायची वाट बघू शकली नाही.

मामाच्या डाव्या हाताला अंगठा सोडून काही धड उरलं नव्हतं. तो आता फरशीवर पडला होता, एक डोळा मिटलेला. पहिलवानाच्या हातात आता चाकाचा पाना होता आणि पान्याला केस चिकटले होते.

"नऊ गोळ्या विजेच्या पेटाऱ्यात आहेत," ती म्हणाली. "त्याच्या दारासाठीच्या. जाऊन बघ. आणि माळ्यावर ते कितीतरी दिवस बसत होते. रोज. त्यांना कोणी काही सांगितलं नाही."

"मग त्यांना काय स्वप्न पडलं?"

"वाट बघत होते. गाडी तिथूनच जाणार हे त्यांनी नुसतं बघून ओळखलं. कुठलाही क्रम घेतला तरी कालवा तिथेच ओलांडायचा. मी लांबीची मर्यादा घातली आहे ना, त्यात नवा पूल बसतच नाही. वर मोजणी चालू आहे. पाच-दहा मिनिटं थांब, आकडाच दाखवते."

पहिलवानाने पाना खाली केला. ती जे म्हणाली ते त्याने मनात पुन्हा एकदा लावून पाहिलं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

"म्हणजे तू," तो म्हणाला.

ती मामाजवळ जायला निघाली. पहिलवान आडवा आला.

"रोज वेगळा रस्ता, रोज वेगळा रस्ता. पोरगं हसत जायचं तुझं पाकीट घेऊन." त्याने तिच्या कानशिलात मारली. तिला आधी आवाज ऐकू आला आणि मग एका कानाने काहीच नाही. त्याने तिचे केस मुठीत धरले, डोकं टेबलावर आपटलं, उजवं मनगट ओढून शेगड्यात घातलं आणि दांडा फिरवला. जबडे मनगटाच्या दोन्ही हाडांना टेकले. "या हाताने काढायचीस ना मार्ग?"

"पहिलवान," मामा जमिनीवरून म्हणाला. "सोड तिला. मी दिली खबर."

शेडमधले सगळे त्याच्याकडे वळले.

"मामा, गप्प बस!" ती ओरडली.

"मीच दिली. फोन मामीला नव्हता. पोरगी मला वाचवायला गोष्टी रचतेय. लहानपणापासून अशीच आहे, काहीतरी आकडे मांडून समोरच्याला गप्प करायचं." बोलताना त्याच्या तोंडातून दात पडला. त्याने तो जिभेने बाजूला सारला. "तिचा काही संबंध नाही. सोड."

"खोटं बोलतोय तो! फोन तपास ना, नंबर मामीचाच आहे! वर आकडा—"

"पैसे घेतलेस?" पहिलवानाने विचारलं.

"घेतले."

"किती?"

मामाला आयुष्यात कधी खोटं बोलता आलं नव्हतं. मामी त्याला नेहमी दारातच पकडायची. "पुष्कळ," तो म्हणाला.

पहिलवान दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला. एक सांगत होती, थांब, अजून मोजून व्हायचं आहे. दुसरा जे सांगत होता ते सकाळपासून त्याला हवंच होतं. जिन्यावरून साहेबांचा आवाज आला, "कबूल केलं का? केलं असेल तर बस झालं आता."

"केलं," पहिलवान म्हणाला.

पहिला घाव कानावर बसला. मामाचं डोकं फरशीला लागून उसळलं. दुसरा त्याच जागी. तिसऱ्यानंतर मामाचा पाय दोन वेळा झटकला, गाडीचा क्लच दाबावा तसा, आणि थांबला. पहिलवान मारतच राहिला. मग एका शिपायाने मागून त्याला मिठी मारली आणि म्हणाला, "झालं रे. झालं. संपलं." पहिलवानाने पाना टाकला, खाली बसला आणि मोठ्याने रडायला लागला. भावाचं नाव घेत होता.

तिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. तिने डाव्या हाताने शेगड्याचा दांडा उलटा फिरवला आणि मनगट सोडवलं. मामाजवळ गेली. जबड्याखाली, मानेच्या खोबणीत दोन बोटं ठेवली. बोटं जरा सरकवली. पुन्हा ठेवली. तिथे काही नव्हतं. त्याच्या शर्टाच्या खिशात फोन थरथरत होता. पडद्यावर मामीचं नाव होतं. तो थांबेपर्यंत ती तिथे बसून राहिली.

मग ती उठली आणि जिना चढली. साहेब भिंतीला चिकटून उभे होते, त्यांनी तिला वाट दिली. खोलीत यंत्राचा पंखा घरघरत होता. मोजणी पुरी झाली होती. पडद्यावर तीन ओळी होत्या.

तपासलेले मार्ग: चारशे.

सर्वांत लांब मार्ग: सर्वांत छोट्याच्या १.०९ पट.

भंगार गल्लीतून जाणारे: चारशे.